एका सुरातलं ‘हो’

काल सातवीच्या वर्गात पडद्यावरचा एक लाल खांब वाढत गेला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाव न दाखवता मुलांची उत्तरं गोळा करणारी एक फुकटची वेबसाइट मला आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सुचवली होती. गंमत म्हणून मी शाळेचे टॅब वाटले आणि विचारलं, “अपूर्णांकांचा भागाकार समजला का?” हिरवा खांब ‘हो’चा, लाल ‘नाही’चा. हिरवा बोटभर वाढून थांबला. लाल मात्र पडद्याच्या कडेला जाऊन टेकला.

एकोणीस वर्षं मी तास संपताना “समजलं?” असं विचारते आणि अख्खा वर्ग एका सुरात “हो बाई” म्हणतो. त्या सुराच्या भरवशावर मी फळा पुसत आले. त्या डस्टरखाली किती मुलांचं काय काय पुसलं गेलं असेल, कोण जाणे.

“मला कधी सांगितलं का नाही रे?”

पहिल्या बाकावरची सायली टॅबकडे बघत हळूच म्हणाली, “बाई, यात नाव दिसत नाही ना.”

मी खडू उचलला. “यापुढे समजलं नाही तर लगेच सांगायचं. कळलं?”

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, “हो बाई.”