पलीकडच्या उतारावरच्या गाठी

ईरा, कबीर,

पेपरातल्या या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी आजवर चहाबरोबर वाचले आणि चहाबरोबरच संपवले. मी नागपूरला इंग्रजीतून शिकले आणि चौतीस वर्षं साकोलीला विज्ञान शिकवलं. अंगात येणं, नजर लागणं, अमावस्येला घराबाहेर न पडणं... यातलं काही आपल्या घरात चाललं नाही, कारण मी चालू दिलं नाही. तरी आज मीच लिहायला बसले आहे. फोनवर सांगायला लागले की तुमचे बाबा मध्येच म्हणतात, ‘आई, तू पाणी कमी पीत असशील.’ लिहिताना कुणाला मध्ये बोलता येत नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. साकोलीहून नागझिऱ्याच्या बाजूला एक लांबट पहाडी आहे. सकाळी चढायचं, वरच्या धारेवर थोडं चालायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी. आम्ही तिघी होतो. मी, वय एकाहत्तर. माझी धाकटी जाऊ सुनंदा. आणि रेखा — माझी जुनी विद्यार्थिनी, पायथ्याच्या गावात दिलेली. ती उन्हाळ्यात याच पहाडीवर मोहफुलं वेचते.

माझ्या पाठीवर नेहमीची पिशवी होती. पाणी, गूळ-शेंगदाणे, शिटी, बँडेज, अॅलर्जीची गोळी.

“ताई, पहाडीवर जाऊन राहिलो का अमेरिकेत?” सुनंदा म्हणाली.

“तुझंच ओझं आहे त्यात,” मी म्हटलं.

पायथ्याशी लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी अजून उभा होता. त्यापुढे गवत... छातीपर्यंत. पावसाळ्यानंतर पहाडीवर कुणी चढलेलंच नव्हतं, त्यामुळे वाट अशी नव्हती. रेखा म्हणाली, “मॅडम, हंगामात पयल्यांदा जानाऱ्यानं गाठी बांधाव लागते. नाई त उतरताना गवत सारखंच दिसते.”

गवताचे दोन झुबके घ्यायचे, एकमेकांत पिळायचे, शेंडा खाली खोवायचा. ते काम मी घेतलं. दर वीस पावलांवर एक, गुडघ्याच्या उंचीवर. तुम्हाला ठाऊक आहे, मी डावखुरी आहे. शाळेत छड्या खाऊन उजव्या हातानं लिहायला शिकले, पण बांधायचं काही असलं की डावाच हात पुढे येतो. त्यामुळे माझा पीळ उलटा पडतो. लग्नानंतर शेतात पेंढ्या बांधल्या तर सासूबाईंनी सगळ्या बायकांना बोलावून दाखवल्या होत्या.

साडेआठला आम्ही धारेखालच्या मोठ्या खडकाशी पोचलो. तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे. हंगामाची पहिली चढण म्हणून रेखानं उदबत्त्या लावल्या, चांगल्या मूठभर. मी बाजूला उभी राहिले. खडकाच्या पोटाला आग्या मोहोळ होतं, पण तिघींपैकी एकीनंही वर पाहिलं नाही. धूर मात्र वर गेला.

पुढचं लांबवत नाही. आम्ही धारेवर पळालो, ओढण्या आणि पदर डोक्यावरून घेऊन पालथ्या पडलो. मला चार डंख, रेखाला सहा. सुनंदाला किती ते मोजता आले नाहीत. पाव तासानं उठवलं तेव्हा तिचे ओठ सुजले होते आणि आवाज बदलला होता.

“ताई, गळा आवळून राहिला माहा.”

गोळी दिली. पण गोळीवर भागणार नाही हे मला कळत होतं. मोबाइलला रेंज नव्हती. आणि आमची गाठींची वाट त्या खडकाखालूनच जात होती. तिथे माश्या अजून घोंगावत होत्या.

“पल्याडच्या अंगानं उतरू,” मी म्हटलं.

“तिकडं आमी कोनी जात नाई, मॅडम. मधात कडे हायेत. चुकलो त फिरून वर या लागन.”

सुनंदाकडे तेवढा वेळ नव्हता. मी पुढे झाले. दहा पावलं उतरले असेन... आणि समोर गाठ दिसली.

गुडघ्याच्या उंचीवर, शेंडा खाली खोवलेली. वीस पावलांवर दुसरी. मी वाकून पाहिलं. पीळ उलटा होता. बोट लावलं तर गवताचा ओला रस बोटाला लागला.

“मॅडम, तुमी इकडं कवा आल्या होत्या?”

“कधीच नाही.”

“मंग ह्या गाठी?”

“आधी चल.”

सुनंदाला दोघींनी दोन्हीकडून धरलं होतं. मी गाठी पाहत होते आणि गाठींच्या मधलं गवतही. ते कुठेही मोडलेलं नव्हतं. कुणी चालत आलं असतं तर पावलांची खूण राहिली असती. दोनदा सरळ जावंसं वाटलं आणि गाठ डावीकडे होती. दोन्ही वेळा उजव्या हाताला, झुडपाआड कडा निघाला. शेवटची गाठ बैलगाडीच्या रस्त्याला लागून होती. तिथे एका शेतकऱ्यानं सुनंदाला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे रेखा बसली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

तुमच्या बाबांचं म्हणणं, मीच आधी कधीतरी जाऊन गाठी बांधल्या आणि विसरले. पण ते गवत त्याच पावसाळ्याचं होतं, आणि तो पावसाळा मी दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला काढला. बाबांच्याच बहिणीकडे. विचारा तिला.

आठव्या दिवशी मी आणि रेखा पुन्हा गेलो. चढणीवरच्या माझ्या गाठी वाळून पिवळ्या झाल्या होत्या, पण जागच्या जागी होत्या. पलीकडच्या उतारावर गवत सरळ उभं होतं. एकही गाठ नव्हती, सुटलेल्या गाठीची मुरडही नव्हती. रेखानं वाकून हातानं गवत चाळलं. मग म्हणाली, “मी बी पायल्या होत्या, मॅडम. कोनी इचारलं त सांगीन.” गुराख्यांना विचारलं, वनरक्षकाला विचारलं. त्या अंगानं कुणी गेलं नव्हतं.

भास म्हणावा तर तिघींना एकच भास कसा झाला? योगायोग म्हणावा तर पीळ कुणाचा? नसलेलं उत्तर मी कधी फळ्यावर लिहिलं नाही.

एवढं मात्र लिहिते की एकाहत्तराव्या वर्षी, नव्या डोळ्यांनी, तो उतार मी सुनंदाला धरून उतरले आणि माझा पाय एकदाही घसरला नाही.

सुनंदा आता ठणठणीत आहे. घरात कुणीही पाहुणा आला की ती त्याला बसवून सांगते, “गाठी ताईनंच बांधल्या. मले ताईनं उतरवलं.” मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका दाखवल्या. तिच्या या वाक्यात चूक नेमकी कुठे आहे, ती अजून मला सापडलेली नाही.

तुमची,
आजी