सात औट पंचवीस

औट म्हणजे साडेतीन. आता हे कोणाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही म्हणून कोणाचं काही अडतही नाही. पण माझ्या लहानपणी रिठदच्या शाळेत तीसपर्यंत पाढे झाले तरी सुटका नव्हती. पुढं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी होती आणि सगळ्यात शेवटी ही मेली औटकी. पावकीत पोरं रडायची, औटकीत मुतायची. खोटं नाही सांगत. आमच्या वर्गाची पुढची जमीन कधी कोरडी पाहिल्याचं मला आठवत नाही.

मास्तर वाशीमचे. बोलणं गोड, पुस्तकातल्यासारखं. स्वतः ते सहसा हात उचलायचे नाहीत, त्यांची रीत वेगळी होती. सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि एका टोकापासून सवाल विचारायचा. पहिला चुकला की दुसरा, तो चुकला की तिसरा. ज्याचं उत्तर बरोबर येईल त्यानं मागं फिरायचं आणि चुकलेल्या एकेकाचं नाक एका हातानं धरून दुसऱ्या हातानं थोबाडीत हाणायची. नाक धरायचं ते तोंड फिरवता येऊ नये म्हणून. कोणी दोस्ताला हळूच मारली की मास्तर जवळ यायचे, "अशी नाही, बाळ, अशी," म्हणायचे आणि मारणाऱ्यालाच एक ठेवून दाखवायचे. त्यामुळे दोस्ती शाळेच्या बाहेरच राहायची.

आमची नाल्याकाठी भाजीची वाडी होती. घरात बा, माय, मोठा भाऊ आणि मी. भाऊ एक यत्ता नापास झाला होता, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्गात बसायचो. त्या हिवाळ्यात वांग्याला असा बहर आला की तोडायला हात पुरेनात. तेव्हा बा एक दिवस जेवताना म्हणाला, "दोघायपैकी एक शाळेत जाईन, एक वाडीत राहीन. मास्तर ज्याले हुशार म्हनन, त्यानं शिकावं. पोट्टी असो का पोट्टा."

हे बाच्या तोंडचं वाक्य आहे, माझ्या पदरचं नाही. माय भाकर थापता थापता म्हणाली, "पोट्टीले शिकवून काय कलेक्टर करता?" बा म्हणाला, "जबान देली म्हनजे देली." मला त्या दिवशी भूकच लागली नाही. बानं जाऊन मास्तरांनाही सांगितलं, आणि मास्तर म्हणाले, औटकी झाली की ठरवू.

भाऊ सकाळ-संध्याकाळ डोलत डोलत औटकी घोकायचा. मी नाही घोकली. मला ती वाफ्यातच सापडली. आमच्या एका वाफ्यातून साडेतीन टोपली वांगी निघायची. दुसरा वाफा तोडला की सात. तिसऱ्याला पुन्हा अर्धं टोपलं लोंबकळत राहायचं, साडेदहा. चौथ्याला ते भरून निघायचं, चौदा. सातवा वाफा संपला की साडेचोवीस. वांग्याच्या देठाचे काटे बोटांत मोडून मोडून हे गणित माझ्यात शिरलं होतं, ते काढायचं म्हटलं तरी निघणारं नव्हतं.

भावाला ते अर्धं अर्धं म्हणून कधी दिसलंच नाही. तो काही वांगी तोडायचा नाही. तो टोपली बैलबंडीत चढवायचा आणि बाबरोबर बाजाराला जायचा. अर्धं टोपलं बाजारात न्यायचं नाही, ही बाची रीत. तळाशी पळसाचा पाला दाबून भरायचा, वरून तुकतुकीत वांगी मांडायची, झालं पूर्ण टोपलं. वाडीत साडेचोवीस असायची, बाजारात उतरताना पंचवीस.

औटकीचा दिवस उजाडला. रांग लागली. मास्तरांनी विचारलं, "सात औट किती?"

पहिला म्हणाला एकवीस. दुसरा बोटंच मोजत राहिला. पाटलाचा पोरगा काहीतरी पुटपुटला. मग माझ्या भावाची पाळी आली. त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, गेली आपली शाळा. भाऊ छाती काढून म्हणाला, "पंचवीस."

मास्तर हसले. "साडेतीनचा पाढा, सातवं घर, आणि पंचवीस? वरचा अर्धा कुठून आणलास?"

तिथं गप बसावं ना! पण नाही. या बह्याडाला वाटलं, मास्तरांना खरंच ठाऊक नाही. तो त्यांना समजावून सांगायला लागला, "गुर्जी, अर्ध्यात खाली पाला घालाचा ना. मंग ते पुरं होते."

वर्ग असा फुटला की बाहेरचं कुत्रं पळालं. पाटलाचा पोरगा तर पोट धरून खाली बसला. त्याच्या घरी आमचंच टोपलं जायचं. भाऊ सगळ्यांकडे बघत राहिला. आपण काय सांगून बसलो, हे त्याला तेव्हाही कळलं नाही.

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, "साडेचोवीस."

"शाबास. वळ मागं."

मी वळले. पाटलाच्या पोराला मारली, दुसऱ्याला मारली, पहिल्याला मारली. भावाला मी शेवटी ठेवलं होतं. त्याचं नाक धरलं तर तो नाकातूनच म्हणाला, "हळू मार वं." मी हळू मारली. मास्तर आले. "अशी नाही, बाळ, अशी." माझ्या कानात किती वेळ भुंगा घुमत होता.

मग मी मारली. पाच बोटं उठली त्याच्या गालावर. आणि खरं सांगू? मला गोड वाटलं. लोणी त्याच्या भाकरीवर, माझी कोरडी. त्याची पाटी मी घासायची, वर त्याच्या टपल्या खायच्या. त्या सगळ्याची मी एकच दिली. आजही मला त्याचं काडीइतकं वाईट वाटत नाही.

शाळा सुटताना मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, शाळेत ही पोर राहील." मी घरापर्यंत पळत आले.

पण माझ्याआधी पाला घरी पोचला होता. गावात तेवढं पुरतं. बा वाडीतून येत होता तर पारावरून कोणीतरी ओरडलं म्हणे, "काय गा, पाल्याचं टोपलं केवढ्याले देतं?" सगळा पार हसला. नाक मी भावाचं धरलं होतं, कापलं गेलं बाचं.

दिवेलागणीला आमच्याकडे पाढ्यांचा परवचा असायचा. मायनं दिवा लावला. बानं आम्हा दोघांना समोर उभं केलं. मला वाटलं, आता बा सांगेल. मी मनात पाटीसुद्धा घासून ठेवली होती.

बानं मला विचारलं, "सात औट?"

"साडेचोवीस."

"किती?"

"साडेचोवीस, बा. मास्तरनं शाबास म्हनलं मले."

"मास्तरच्या घरी असन." बाचा आवाज चढलेला नव्हता. "आपल्या घरी सात औट पंचवीस." आणि भावाकडे वळून, "तू सांग रे, किती?"

भावानं खाली बघून सांगितलं, "पंचवीस."

"बरोबर हाय. मार तिले. शाळंत मारतेत तशी, नाक धरून."

भावानं मायकडे पाहिलं. माय चुलीत फुंकर घालत होती, तिनं मान वर केली नाही. भावानं माझं नाक धरलं आणि हळूच मारली. बानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग भावानं नीट मारली.

"सात औट?"

"साडेचोवीस."

पुन्हा पडली. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. भाऊ आता रडत होता, मी नाही. मी म्हटलं, "बा, तुनं जबान देली व्हती."

"सात औट?"

"साडेचो..."

या वेळी भावानं बाच्या हुकमाची वाटच पाहिली नाही. त्याला लवकर संपवायचं होतं. मग तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "म्हन ना वं पंचवीस. तुह्या बापाचं काय जाते?" त्याही अवस्थेत मला हसू आलं, मेल्याचं.

बानं पुन्हा विचारलं. मी वाफे मोजले, टोपली मोजली, ते अर्धं टोपलं मला अगदी समोर दिसत होतं. गाल इतका सुजला होता की शब्द बाहेर निघेना.

"पंचवीस," मी म्हटलं.

"हं." बा उठला आणि हातपाय धुवायला लागला. "शिकली ना आता? मंग शाळेचं काय काम?"

मायनं जेवायला वाढलं. भावाच्या भाकरीवर लोणी होतं. त्यानं त्यातलं थोडं बोटानं माझ्या ताटलीत सारलं. मी ताटली पालथी घातली.

सकाळी भाऊ पाटी घेऊन शाळेत गेला आणि मी वाडीत गेले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा सातवा वाफा तोडून झाला आणि शेवटचं टोपलं अर्धंच भरलं. मायनं पळसाचा पाला माझ्यापुढं टाकला. मी वांगी काढली, पाला तळाशी दाबून भरला, वर तुकतुकीत वांगी निवडून मांडली. बा बंडी जुंपून आला. त्यानं काही विचारायच्या आत मीच सांगितलं, "पंचवीस."