पाय घसरला नव्हता

कमल, लासूर स्टेशनवरून पॅसेंजर सुटली तेव्हा तू, माझी शाळेतली मैत्रीण, खिडकीचा गज धरून दहा-बारा पावलं पळाली होतीस. मी लग्न होऊन औरंगाबादला चालले होते. मायनं एवढंच सांगितलं, "नीट नांद. माघारी यायची येळ आणू नको." बाप मोंढ्यातली धान्याच्या पोत्यांची हमाली सोडून घटकाभर आला होता.

मागच्या खेपेला तू विचारलंस, एवढं सगळं झालं तरी मी गावाकडं कायमची का नाही आले. तेव्हा उत्तर द्यायचं टाळलं. आता लिहिते.

माझ्या पोरीचा, सुजाताचा बाप वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवायच्या कंपनीत होता. शिफ्ट, ओव्हरटाइम, ब्रेकडाऊन हे शब्द मी त्याच्याच तोंडून शिकले. वस्तीत त्याला मान होता. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला की तो सगळ्यात पुढं असायचा. एकदा लाठीमारात त्याची पाठ काळीनिळी झाली. आठ दिवस मी हळद लावली. बरा झाल्यावर त्यानं मला मारलं, चहा गार होता म्हणून. पुढं पुढं कारणही लागेना. शेजाऱ्यांनी विचारलं की मी सांगायची, पाय घसरला.

एका सकाळी त्यानं माझं डावं मनगट मोडलं. तीन वर्षांची सुजाता दारात उभी राहून बघत होती. ती रडली नाही, तिला सवय झाली होती. ते बघितलं आणि मी उठले.

शेजारच्या शेवंताबाई शहागंजात भाजी विकायच्या. नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेल्या बाई. त्या मला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. जमादार म्हणाला, "भांड्याला भांडं लागतंच, बाई. घरी जा." शेवंताबाईंनी लई हुज्जत घातली तेव्हा त्यानं दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घातलं, कागदावर शिक्का मारून दिला.

संध्याकाळी शेवंताबाईंच्या घरी वस्तीतले दोघं कार्यकर्ते आले. "वहिनी, ज्यांनी आपल्यावर लाठ्या चालवल्या त्यांच्याच दारात जाता? चळवळीचं नाव खराब होईल. आपसात मिटवू."

त्यांचं बोलणं मला अगदीच खोटं वाटलं नाही. माझ्याही मनात तेच होतं. शेवंताबाई म्हणाल्या, "लाठ्या मी बी खाल्ल्यात. कुणी बायकोला मारावं म्हणून नाय खाल्ल्या." दोघं चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा ठाण्यात. आडनाव ऐकून जमादार हसला. "मोर्चात आमच्या नावानं बोंबलता, आणि आता आम्हीच लागतो व्हय?" तरी त्यानं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. "कर सही."

मी सातवी शिकलेली. वाचला. घरगुती किरकोळ वादात पाय घसरून पडल्यानं इजा, असं लिहिलं होतं. इतकी वर्षं मीच सांगत आले ते त्यानं आयतं लिहून ठेवलं होतं.

"पाय घसरला नाय," मी म्हटलं. "नवऱ्यानं मोडला हात. तसं लिहा."

"मग बस तिथं."

शेवंताबाई फरशीवर मांडी घालून बसल्या. "बसतो. आमाला बसायची सवय हाय."

सकाळपासून दुपार टळेपर्यंत बसलो. सुजाता माझ्या मांडीवर झोपली. येणारे-जाणारे आम्हाला ओलांडून जात होते. चारच्या सुमाराला मोठे साहेब आले, त्यांनी घाटीचा कागद बघितला आणि जमादाराला नवीन पान घ्यायला लावलं. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. शेवटी सही केली आणि कार्बनची नक्कल मागून घेतली. ती मिळेपर्यंत शेवंताबाई उठल्या नाहीत.

पुढचं तुला माहीत आहे. केस रखडली आणि तो सुटला. पण त्याच नकलेवर वकिलानं फारकत मिळवून दिली, सुजाता माझ्याकडं राहिली. मी वाळूजला पॅकिंगला लागले. नामांतर झालं त्या दिवशी मीही पेढे वाटले. तो गुलालात नाचताना लांबून दिसला. मला ना राग आला, ना रडू आलं.

प्लॅस्टर घातलेला हात घेऊन मी एकदा गावाकडं आले होते. मायनं जेवायला वाढलं आणि विचारलं, "जायची कदी?" मी तिला दोष देत नाही. दुसरा प्रश्न तिला कुणी शिकवलाच नव्हता.

आता दिवाळीला येते, दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरताना म्हणते, "घरी जाते." यंदा मायनं ते ऐकलं. हातातलं काम थांबवून म्हणाली, "तिकडं कोण हाय तुझं? पोरगी बी नांदायला गेली."

"कुणी नाय," मी म्हटलं. "म्हणून तर कडी लावून शांत झोपते."

तिनं माझी पिशवी जवळ ओढून तिचा बंद बांधला. मग म्हणाली, "मला बी ने एकदा."