अंगठ्याच्या रेषा

लग्नाला तीसेक वर्षं झाल्यावर मी आणि बायको विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेलो. मुलीकडे परदेशी जायचं, तर दाखला हवा. आमच्या पुढे एक नवं जोडपं होतं. नवरीची मेंदी इतकी गडद, की यंत्र तिचा अंगठा घेईचना. नवरा आपल्या रुमालाने तो हलकेच पुसत होता. "राहू द्या हो," कारकून बाई हसल्या, "रंग उतरला की या."

मग आमची पाळी आली. हिचाही अंगठा उठेना. पदराला पुसून पुन्हा ठेवला, तरी नाही.

"भांडी घासून रेषा गेल्यात, काकू. माझ्या आईचंही असंच होतं. थांबा, दुसरी बोटं बघू."

"एवढा संसार केला, आणि माझाच अंगठा चालेना?" हिचा चेहरा एवढासा झाला.

मी तो अंगठा हातात घेतला. गुळगुळीत होता. नवरीच्या रेषा निदान मेंदीखाली तरी होत्या. हिच्या कुठे गेल्या, ते आमच्या कढया-पातेल्यांनाच ठाऊक.

"काका, आता तुमचा ठेवा."

ठेवला. पहिल्याच खेपेला उठला. रेघ न् रेघ शाबूत.