माणशी दोन पोळ्या

शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. चौथीनंतर पेन हातात आलं ते सामानाच्या यादीपुरतं, आणि अक्षर असं की दुकानात गेल्यावर कधीकधी माझी यादी मलाच लागत नाही.

मंगळवारी संध्याकाळी पिठाच्या पिशवीत हात घातला तर बोटं तळाला लागली. वीस पौंडांची पिशवी. ती शनिवारपर्यंत पुरायची होती. बाहेर बारा मुलं ताटं घेऊन उभी होती.

मी एडिसन गावात अनघाकाकूंच्या टिफिनच्या धंद्यात पोळ्या करते, दिवसाला तीनशे. मार्चमध्ये कॉलेजला आठवडाभर सुट्टी असते, तिला स्प्रिंग ब्रेक म्हणतात. काही मुलं समुद्रावर जातात, काही फुकट काम करायला जातात. काकूंच्या ओळखीतली रिया अशाच बारा जणांची लीडर होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका गावात पाणी शिरून खराब झालेली घरं दुरुस्त करायची, चर्चच्या हॉलमध्ये राहायचं. मुलं बहुतेक व्हेज, म्हणून स्वैपाकाला मी.

"मजुरी किती मिळते?" मी निघताना रियाला विचारलं होतं.

"मजुरी नाही, मावशी. वुई पे. प्रत्येकी तीनशे डॉलर."

"काम करायचे पैसे तुम्हीच द्यायचे?"

"इट्स सर्व्हिस, मावशी."

आमच्या गावात श्रमदान करणाऱ्याला निदान पिठलं-भाकरी तरी मिळायची. पण मला फार बोलता येत नाही.

सामान मी उक्तं घेतलं होतं. उक्तं म्हणजे ठरलेल्या रकमेत सगळं बसवायचं. उरलं तर आपलं, कमी पडलं तरी आपलंच. अंदाज बांधायची माझी एक पद्धत आहे. परत आलेले डबे मी धुण्याआधी उघडून बघते. कॉलेजच्या मुलांच्या डब्यात तीनातली एक पोळी हमखास परत येते. त्यावरून माणशी दोन पोळ्या धरल्या.

इथे ही मुलं सकाळपासून ड्रायवॉल उचलत होती. ड्रायवॉल म्हणजे भिंतीला ठोकायच्या पांढऱ्या फळ्या, दाराएवढ्या आणि भलत्या जड. समीर नावाचा मुलगा पुण्याहून शिकायला आलेला. एडिसनला याचा डबा अर्धा परत यायचा. पहिल्याच रात्री त्याने नऊ पोळ्या खाल्ल्या.

"अरे, तिकडे दोन जात नव्हत्या तुला."

"तिकडे दिवसभर लॅपटॉपसमोर असतो ना, मावशी. अजून एक आहे का?"

मंगळवारी मी भातावर भागवलं. बुधवारी सकाळी रियाला बाजूला घेऊन सांगितलं. सामानाचे पैसे मी एडिसनलाच खर्चून बसले होते. काकूंना फोन करता आला असता. पण पोळीवालीचा अंदाज चुकला म्हणजे ड्रायव्हरला दिसत नसल्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकांना कळलं असतं.

समीरच्या कानावर गेलंच. तो म्हणाला, "मी कार्ड देतो, यार. इट्स ओके."

"काम उक्तं आहे. तू कशाला देशील?" मी म्हटलं.

रियाकडे एका पाकिटात परतीच्या पेट्रोलचे पैसे होते. तिने त्यातले एकशे चाळीस डॉलर काढले.

"मावशी, शनिवारी सकाळी हे परत हवेत. कॉलेजला प्रत्येक रिसीट द्यावी लागते. आणि गाडी पाण्यावर चालत नाही."

गावात एकच दुकान. आपली कणीक तिथे कुठली मिळणार. मक्याचं पीठ मात्र ढीगभर होतं. ते घेतलं, राजम्यासारखे ठिपक्यांचे बीन्स घेतले, कांदे, बटाटे, कोबी. संध्याकाळी चर्चच्या किचनमध्ये मक्याच्या भाकऱ्या थापायला बसले. मक्याची भाकरी चिरते, म्हणून पीठ कढत पाण्यात मळायचं.

चर्चचं काम बघणाऱ्या डॉनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या असतील. बराच वेळ बघत होत्या. मग आत आल्या, तव्यावरची भाकरी उचलली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. रियाला काहीतरी म्हणाल्या.

"मावशी, त्यांची आजी असंच करायची म्हणतात. शुक्रवारी चर्चचं जेवण असतं आणि त्यांची कुक आजारी आहे. तुम्ही कराल का? सामान त्यांचं. किती घ्याल?"

"एकशे चाळीस," मी पुटपुटले.

"तीनशे सांगू का?"

"एकशे चाळीस."

"मावशी, असं नसतं बार्गेनिंग."

डॉनाबाई स्वतःहून दोनशे म्हणाल्या. मी मान हलवली. रियाने कपाळावर हात मारला. शेवटी एकशे चाळीसच ठरलं. आमच्या घासाघिशीत मीच भाव खाली आणला, असं समीर अजून सांगत फिरतो.

"किती माणसं?" मी विचारायला लावलं.

"साठ."

"ती दिवसभर काय करतात?"

रिया माझ्याकडे बघत राहिली. "हे विचारू?"

"विचार."

डॉनाबाई हसल्या. बहुतेक सगळे रिटायर्ड, टीव्ही बघतात. मग मी माणशी दीड भाकरी धरली. शुक्रवारी टोपलीतल्या भाकऱ्या संपल्या तेव्हा रांगेतले शेवटचे आजोबा ताट घेऊन पोचले होते, त्यांना तव्यावरची दिली. बीन्सच्या उसळीत मी तिखट निम्मं घातलं होतं, तरी तिघांनी डोळे पुसले आणि परत वाढून घेतली.

भूक पोटात बघायची नसते. माणूस दिवसभर काय उचलतो ते आधी विचारावं, मग पीठ घ्यावं. हे मला तीस वर्षं पोळ्या लाटून कळलं.

शनिवारी सकाळी डॉनाबाईंनी सुट्ट्या नोटांचं पुडकं आणून दिलं, एकेकाच्या आणि पाचाच्या. मी ते तसंच रियाच्या हातात ठेवलं. तिने गाडीच्या बॉनेटवर दोनदा मोजलं, पाकिटात घातलं आणि म्हणाली, "एकशे चाळीस. फिटले, मावशी."