पाण्याने गार होणारी मोटरसायकल आणि माझी पोटरी

मुलांनो, आधी निकाल सांगते. आम्ही दोघं कन्याकुमारीला मोटरसायकलवरच जाणार, आणि मागच्या सीटवर मी असणार!

पंधरवड्यापूर्वी हे अजिबात ठरलेलं नव्हतं. तुमच्या आजोबांची जुनी गाडी हवेने गार होते. म्हणजे धावताना जो वारा लागतो, त्यावरच इंजिनाची भिस्त. वेग कमी झाला की ते तापतं, आणि झळ माझ्या उजव्या पोटरीला बसते. मी स्पष्ट सांगितलं, "या गाडीवर मी नगरच्या बाहेर येणार नाही. पाण्याने गार होणारी घ्या, नाहीतर एकटे जा."

"अगं, रेडिएटर, पंखा, नळ्या, कशाला तो पसारा? जास्त पैसे मोजून बिघडायला चार वस्तू जास्त घ्यायच्या! माझी गाडी कुठलाही मेकॅनिक झाडाखाली उघडतो."

मुद्दा खरा होता. म्हणून मी परीक्षाच घ्यायची ठरवली. माझ्या भाच्याकडे पाण्यावाली गाडी आहे, ती एका दिवसापुरती मागून घेतली. मंगळवारी आपली, बुधवारी त्याची. दुपारी दोनची वेळ आणि काष्टीचा रस्ता. सध्या कारखाने चालू आहेत, त्यामुळे तिथे उसाच्या जोडट्रॉल्यांमागे रांगतच जावं लागतं. झळ मोजायला दोन्ही दिवशी वाढदिवसाच्या केकवरची एक बारीक मेणबत्ती मी सलवारीवरून उजव्या मोज्यात उभी खोचली.

मंगळवारी दोन ट्रॉल्यांमागे अर्धा तास अडकलो. समोरून गाड्या येतच होत्या, पुढे काढायला जागा नव्हती. इंजिन खडखडायला लागलं आणि शेवटी लिंबाखाली थांबावं लागलं. मागून आलेला ट्रॅक्टरवाला आम्हाला ओलांडताना ओरडला, "बाबा, आजीला ट्रॉलीत बसवा, लई लवकर पोचत्याल!"

"उसावर जागा हाय का?" मीही ओरडले. तुमचे आजोबा मात्र हसले नाहीत. मेणबत्ती पार वाकली होती.

बुधवारी तशाच ट्रॉल्या, तसंच ऊन. मधेच घर्रकन पंखा सुरू झाला, पण इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. काष्टीला उतरल्यावर मी मोज्यातून मेणबत्ती काढली, तर ती सरळ! मी भर रस्त्यात ती उंच धरली.

तुमचे आजोबा नडगी चोळत होते. "माझ्या मोज्यात घालायची होतीस, नुसती वात उरली असती!"

पंख्याने रेडिएटरची सगळी गरम हवा त्यांच्या पायांवर फेकली होती. पाण्याने इंजिन गार राहतं, चालवणारा नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी नेमकी परीक्षा मी मांडली, ती फक्त माझ्या पायाची!

त्यांनी पुढे गेलेल्या ट्रॉल्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "पाय भाजले खरे. पण थांबावं लागलं नाही. आणि तू वाटभर गप्पा मारत होतीस, काल त्या ट्रॅक्टरवाल्यावर ओरडलीस तेवढीच."

तेव्हा माझं मत लिहून ठेवते. मोकळ्या रस्त्यावर एकट्यानेच हिंडायचं असेल, तर पाण्यावाल्या गाडीचे जास्तीचे पैसे वाया. दोघांनी, सामानासकट, उसाच्या मुलखातून जायचं असेल, तर पै न् पै वसूल.

काल शोरूममध्ये गेलो. विक्रेता उत्साहाने रंग दाखवत होता. तुमचे आजोबा म्हणाले, "रंग हिला विचारा. मला आधी जाड पँट दाखवा."