फ्लॉपीवरचं कुंकू

सर गेल्यानंतर त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मला लोणावळ्याला बोलावलं, ते सरांच्या आवाजासाठी.

घराच्या पुढच्या खोलीत सरांचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. आंदर मावळातल्या माझ्या गावाहून येताना माझी एसटी चुकायची, तरी माझ्यासाठी मशीन चालू ठेवून ते बसून राहत. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले ती त्या खोलीमुळे. तिथल्या जुन्या मशीनमध्ये सरांनी एकदा आपला आवाज रेकॉर्ड केला होता. दुसरीकडे तो कुठेच नव्हता.

मशीन सुरू व्हायचं, पण ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही म्हणून तिथेच थांबायचं. हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला जोडून पाहिली, तर ते तिला ओळखच देईना. आता आतलं काही न पुसता ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकायची, तीही सरांनी स्वतः कॉपी केलेल्या फ्लॉप्यांवरून.

मी पुण्याहून चांगला फ्लॉपी ड्राइव्ह आणला होता, तो सरांच्या ड्राइव्हच्या जागी बसवला. त्यात पहिलीच फ्लॉपी वाचेना. बाकीच्या घालून पाहिल्या, त्याही नाहीत.

"पुण्यात एवढी मोठी नोकरी करतेस, आणि एक चकती वाचता येईना होय गं?" काकू दारातून म्हणाल्या.

मग लक्षात आलं. सरांच्या ड्राइव्हचं चकती वाचणारं हेड जरासं सरकलेलं असणार. असा ड्राइव्ह जे लिहितो, ते त्याचं त्यालाच वाचता येतं. मी तो जुना ड्राइव्ह परत बसवला. आतून खरखर झाली. सर शिकवायला लागण्याआधी घसा साफ करत, अगदी तशी. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

पाचव्या फ्लॉपीवर गाडी अडली. काढली, झटकली, परत घातली. पडद्यावर पुन्हा तेच, वाचता येत नाही. बाहेर धुकं, भिंतींना ओल, म्हणून बुरशी धरली असेल असं वाटलं. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली, तर आतल्या चकतीवर लाल कण.

"कुंकू आहे, काकू."

"दसऱ्याला मीच लावायचे. हे ओरडायचे, अगं, नुसत्या वरच्या कागदाला लाव! पण पूजेत असं हात राखून कुणी लावतं का?" त्या हसल्या आणि मधेच थांबल्या. "म्हणजे मीच घालवला का गं त्यांचा आवाज?"

"आवाज मशीनमध्ये आहे. ही फक्त तिथवर पोचायला लागते."

कापसाला स्पिरिट लावलं आणि चकती बोटाने फिरवत हलकेच पुसली. ड्राइव्हचं हेडही पुसलं. कापूस गुलाबी झाला. तो टाकायला उठले, तर काकू म्हणाल्या, "राहू दे इथंच."

पाचवी वाचली गेली. मग उरलेल्याही. मशीन पूर्ण सुरू झालं आणि सरांची फाइल सापडली.

आधी पंख्याची घरघर, खुर्चीची करकर. मग सर.

"हॅलो. आवाज येतोय का?"

थोडी शांतता. पलीकडून कुणी कान देऊन थांबावं तशी.

"येतोय का?"

"येतोय हो," काकू म्हणाल्या. "बोला."

पुढे फक्त पंखा होता, आणि मग तोही थांबला. काकू मशीनकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. फाइल संपली, हे मला त्यांना सांगता येईना.